नेम

‘नेम’ हा मराठीतील शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. धनुर्धराचा नेम असतो, तसा वारकऱ्याचाही नेम असतो. एकाचा नेम म्हणजे लक्ष्यावर खिळलेली दृष्टी. दुसऱ्याचा नेम म्हणजे ऊन, पाऊस, थंडी यांची तमा न बाळगता पाळलेले व्रत. शिवाय, “पावसाचा काही नेम नाही,” असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाला निश्चितीचा अर्थ येतो. लक्ष्य, नियम आणि निश्चिती या तीन गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द का बरे वापरला असेल? या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात शोधण्यापेक्षा नेमबाजीच्या मैदानावर शोधलेले बरे.

द्रोणाचार्यांनी घेतलेली शिष्यांची परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवलेला होता. कोणाला झाड दिसले, कोणाला फांदी दिसली, कोणाला गुरुजन दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्यावाचून दुसरे काहीच दिसले नाही. एकाग्रतेचा महिमा सांगणारी ही कथा सुंदर खरीच. परंतु अर्जुनाच्या धनुष्याची दोरी त्या दिवशी सैल असती तर? बाणाच्या मागील पिसे एका बाजूने झडलेली असती तर? अर्जुनाची दृष्टी तीच, एकाग्रता तीच. पण बाण मात्र भलतीकडे गेला असता. मग दोष कोणाला दिला असता? धनुष्याला की धनुर्धराला? कथेत हा प्रश्न उद्भवत नाही. व्यवहारात तो पदोपदी उद्भवतो.

आजच्या काळात हा प्रश्न ज्या खेळात अगदी स्पष्टपणे दिसतो, तो म्हणजे हवेच्या बंदुकीची नेमबाजी. या खेळात दारूचा स्फोट नसतो. दाबलेली हवा शिशाचा एक लहानसा छरा ढकलते. छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर. लक्ष्य दहा मीटर अंतरावर, म्हणजे मोठ्या माणसाच्या बारा-तेरा पावलांवर. एवढे जवळचे लक्ष्य टिपण्यात कसले आले आहे कौशल्य, असे कोणाला वाटेल. पण त्या कागदावरील काळे वर्तुळ अवघे साडेतीस मिलिमीटर रुंद असते. जुना चांदीचा रुपया असावा तेवढेच. आणि त्याच्या केंद्रस्थानी दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास असतो केवळ अर्धा मिलिमीटर! मोहरीचा दाणासुद्धा त्यापेक्षा मोठा. स्पर्धेत असे साठ छरे पंचाहत्तर मिनिटांत सोडावयाचे असतात.

खेळ असला तरी साधन बंदुकीचे आहे, हे येथे विसरून चालत नाही. म्हणून या विद्येचा पहिला पाठ नेम धरण्याचा नसतोच. बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिची नळी कोणाही सजीवाकडे वळू द्यावयाची नाही. शिक्षकांच्या आज्ञेवाचून तिला हात लावावयाचा नाही. चापावर बोट अगदी शेवटी ठेवावयाचे. हा तो पहिला पाठ. झाडावरची चिमणी हे लक्ष्य नव्हे. द्रोणाचार्यांनीही परीक्षेसाठी पक्षी ठेवला तो कृत्रिमच होता.

आता कल्पना करावी की, नागपुरातील एका शाळेतली एक मुलगी ही विद्या शिकू लागली आहे. डिसेंबरचा महिना आहे. नागपूरचा उन्हाळा जितका कडक, तितकीच तेथील हिवाळ्याची सकाळ बोचरी असते. आठ दिवसांवर शालेय स्पर्धा आली आहे. गेला महिनाभर तिने कसून सराव केला. पण तिचे छरे कधी वर, कधी खाली, कधी काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर जातात. तिच्यानंतर आलेल्या मुलीही आता तिच्या पुढे गेल्या आहेत. एके दिवशी ती बंदूक खाली ठेवते आणि म्हणते, “सर, माझा हातच चांगला नाही. मी या वेळी स्पर्धेत उतरत नाही.”

असा प्रसंग आला की बहुतेक माणसे दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण या मुलीप्रमाणे सारा दोष स्वतःकडे घेतात आणि खचून जातात. दुसरे काही सारा दोष बंदुकीवर ढकलतात आणि मोकळे होतात. त्यांच्यासाठीच आपल्याकडे ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण तयार झाली आहे. पहिला मार्ग नम्रपणाचा वाटतो आणि दुसरा उद्धटपणाचा. परंतु दोन्ही मार्गांत एक उणीव सारखीच आहे. दोघांनीही तपास केलेला नसतो. न पाहताच निकाल दिलेला असतो.

जाणता शिक्षक अशा वेळी काय करतो? तो मुलीची समजूत घालीत बसत नाही, की तिला रागेही भरत नाही. तो म्हणतो, “हात वाईट की बंदूक वाईट, हे तूही ठरवू नकोस आणि मीही ठरवीत नाही. आपण कागदाला विचारू.”

लक्ष्याचा कागद हा खरोखर बोलका साक्षीदार आहे. मात्र एकाच छिद्रावरून तो काही सांगत नाही. पाच छरे सोडावेत, पाचही वेळा नेम तंतोतंत एकाच जागी धरावा, आणि मग छिद्रांकडे पाहावे. पाचही छिद्रे एकमेकांना चिकटून, पण केंद्रापासून दूर, एका कोपऱ्यात पडली असतील, तर हाताविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बंदुकीची दृष्टी तेवढी चुकली आहे. उलट, छिद्रे चहूकडे विखुरली असतील, तर दृष्टी फिरवून काडीचाही उपयोग व्हायचा नाही. कारण चूक एका दिशेची नाहीच. ती प्रत्येक वेळी दिशा बदलते आहे. घड्याळ रोज पाच मिनिटे पुढे असेल, तर काटे मागे घेऊन भागते. पण जे घड्याळ कधी मागे पडते आणि कधी पुढे धावते, त्याचे काटे फिरवून काय होणार? ते उघडूनच पाहिले पाहिजे.

मुलीची पाच छिद्रे विखुरलेली निघाली. मग शिक्षकांनी तिला उभे न ठेवता बसविले. मेजावर वाळूची पिशवी ठेवली, पिशवीवर तिचा डावा हात आणि त्या हातावर बंदूक. शरीराचे डोलणे आता जवळजवळ थांबले. पुन्हा पाच छरे सोडले. छिद्रे पुन्हा विखुरलेलीच! तेव्हा एक गोष्ट निश्चित झाली. दोष केवळ हाताचा नव्हता.

कमानीच्या बंदुकीत असे होण्याची कारणे अनेक असतात. चाप ओढला की दाबून ठेवलेली पोलादी कमान सुटते, तिच्यापुढचा दट्ट्या वेगाने झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छऱ्याला ढकलते. छरा नळीबाहेर पडण्यापूर्वीच बंदुकीला मागे व पुढे असा दुहेरी हिसका बसलेला असतो. असे शेकडो हिसके खाऊन दस्त्याचे स्क्रू हळूहळू सैल पडतात. कधी समोरची माशी किंवा मागची खाच, म्हणजे ज्यांच्यातून नेम धरावयाचा तीच साधने, जागेवर हलू लागतात. कधी नळीत शिशाचा मळ बसतो. कधी छऱ्यांची मागची नाजूक कड डबीत आपटून चेपलेली असते, आणि मग एकाच डबीतील दोन छरे दोन वाटांनी जातात. बंदूक फार घट्ट आवळून धरली किंवा टणक वस्तूवर टेकवली, तरी तिचा हिसका बदलतो आणि छरा वेगळीकडे लागतो. म्हणूनच पिशवीवर बंदूक न ठेवता हात ठेवावयाचा.

मुलीने ही सारी कारणे ऐकली आणि ती अधीर झाली. “सर, मग स्क्रू घट्ट करू, नळी पुसू आणि नवी डबीही उघडू,” ती म्हणाली. शिक्षकांनी तिला थांबविले. “तिन्ही गोष्टी एकदम केल्यास आणि बंदूक सुधारली, तर सुधारली कशाने ते तुला कळेल का? आणि उद्या ती पुन्हा बिघडली, तर कोठे पाहशील?”

या एका वाक्यात शोधाची सारी विद्या सामावली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाकी सर्व जसेच्या तसे ठेवावे. मग कागदाकडे पाहावे. वैद्य रोगाचे मूळ शोधतो ते असेच, विहिरीवरचा पंप बंद पडला तर जाणता कारागीर दोष शोधतो तोही असाच. घाई करणाऱ्याला ही रीत संथ वाटते. पण एकदा चाललेली वाट तिला पुन्हा चालावी लागत नाही, म्हणून अंती तीच वेगाची ठरते.

पेचकस घेऊन शिक्षकांनी दस्त्याचे स्क्रू तपासले. पुढचा एक स्क्रू पाऊण वेढा सैल होता. तो घट्ट केला. पुन्हा पाच छरे. या वेळी पाचही छिद्रे बोराएवढ्या जागेत गोळा झाली; मात्र ती केंद्राच्या डावीकडे आणि वर होती. आता दृष्टी सुधारण्याची वेळ आली.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. माशी आणि मागची खाच यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल आणि त्यांतील एक केवळ एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छरा किती सरकेल? अर्ध्या मीटरच्या वीसपट दहा मीटर. म्हणून छराही वीस मिलिमीटर सरकेल. काळ्या वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर पंधरा मिलिमीटरच्या थोडे पुढे आहे. म्हणजे डोळ्याजवळची एका मिलिमीटरची चूक छऱ्याला काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर नेते! नियम असा की, छरा ज्या दिशेला न्यावयाचा असेल त्या दिशेला मागची खाच सरकवावी. माशी सरकवावयाची असेल तर उलट दिशेला. मुलीने खाच किंचित उजवीकडे व खाली घेतली, आणि छिद्रांचा पुंजका केंद्रावर येऊन बसला.

या ठिकाणी नवशिके एक मोठी चूक करतात. एक छरा डावीकडे गेला की ते लगेच खाच उजवीकडे फिरवितात. पुढचा उजवीकडे गेला की पुन्हा डावीकडे. प्रत्येक छऱ्याला उत्तर देण्याच्या या नादात चूक कमी न होता वाढतच जाते. एका अपयशाने मार्ग बदलू नये. चार-पाच वेळा तेच घडले तर मात्र बदलण्यास कचरू नये. संयम आणि हट्ट यांच्यातील सीमारेषा हीच होय.

मुलगी पुन्हा उभी राहिली. उभ्याने सोडलेले छरे एका उभ्या रेषेत पडले. एक वर, एक खाली, पण डावी-उजवीकडे फारसा कोणी नाही. शिक्षक हसले. “आता मात्र बंदुकीचा दोष नाही. चाप ओढताना तुझा श्वास चालू आहे. छाती वर-खाली होते, तशी नळीही वर-खाली होते.” अर्धा श्वास सोडून, क्षणभर थांबून चाप हळूच ओढण्याचा अभ्यास सुरू झाला. अशा रीतीने सत्य बाहेर आले, आणि ते मध्येच कोठे तरी होते. अंगणही थोडे वाकडे होते आणि नाचणारीचे पाऊलही थोडे चुकत होते. दोघांचा वाटा वेगळा केल्यावाचून दोहोंपैकी कशावरही उपाय झाला नसता.

नागपूरला अचूकतेची ही शिकवण नवी नाही. सीताबर्डीजवळ शून्य मैलाचा दगड आहे. दगडी स्तंभाशेजारी चार घोड्यांच्या आकृती आहेत. १९०७ साली उभारलेल्या या स्मारकाचा संबंध हिंदुस्थानच्या त्या प्रचंड त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडला जातो. १८०२ साली मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटन यांनी या सर्वेक्षणाला प्रारंभ केला. दूरच्या खुणांवर नेम धरून कोन मोजावयाचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत देश मापावयाचा, असे ते काम होते. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते.

१८०८ साली तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर हे यंत्र चढवीत असता दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. ज्या वर्तुळावर कोन वाचावयाचे, तेच वाकडे झाले. लॅम्बटन यांनी ना मजुरांवर खापर फोडले, ना काम सोडले. त्यांनी एका मोठ्या सपाट फळीवर वर्तुळाचा मूळ आकार अचूक आखला आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेले वर्तुळ ताणीत ताणीत त्या आखणीशी जुळविले. या कामी सहा आठवडे गेले. तरीही वर्तुळ ‘जवळजवळ’ पूर्ववत झाले, संपूर्णपणे नव्हे. परंतु त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती यावी हे भूमितीला ठाऊक असते. मोजलेली बेरीज चुकली की यंत्राची किंवा डोळ्याची चूक उघडी पडते. नेमबाजाला लक्ष्याचा कागद, तसाच लॅम्बटन यांना त्रिकोण. दोघेही साक्षीदार लबाडी न जाणणारे. पुढे नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचा मृत्यू झाला. देश मापणाऱ्या त्या माणसाचा देह विदर्भाच्याच मातीत विसावला आहे.

अंगण खरोखरच वाकडे असू शकते याचे उदाहरण नेमबाजीच्याच इतिहासात आहे. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा हे दहा मीटर एअर रायफलच्या प्राथमिक फेरीत तिसरे आले. अंतिम फेरीत मात्र सातव्या स्थानावर घसरले. ते उभे होते तेथील पायाखालची फरशी सैल होती, असे त्यांना मागाहून कळले. हे कारण सांगून आयुष्यभर हळहळत बसणे त्यांना शक्य होते. ते पुन्हा सरावाला लागले. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे ते पुन्हा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीसाठी उभे राहिले. फेरीपूर्वी सरावाचा छरा सोडला, तो केंद्रापासून फार दूर गेला. बंदुकीची दृष्टी बदललेली होती! सारे जग पाहत होते आणि वेळ थोडा होता. हात कापला म्हणावे, तर दृष्टी तशीच राहणार. बंदूक बिघडली म्हणून गांगरावे, तर हात कापू लागणार. बिंद्रा यांनी दृष्टी सुधारून घेतली, आणि पहिल्याच मोजल्या जाणाऱ्या छऱ्याला १०.७ गुण मिळविले. शेवटच्या छऱ्यापूर्वी फिनलंडचे हेन्री हॅकिनेन त्यांच्या बरोबरीला आले होते. बिंद्रा यांचा शेवटचा छरा १०.८ गुणांचा होता. एकूण ७००.५ गुण मिळवून त्यांनी भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले.

ज्याला आपल्या नेहमीच्या सरावाची खात्री असते, त्यालाच एवढ्या थोड्या वेळात दोष कोठे आहे हे ओळखता येते. रोज एकाच रीतीने उभे राहणारा, एकाच रीतीने श्वास धरणारा, एकाच रीतीने चाप ओढणारा नेमबाज आपला हात ओळखून असतो. म्हणून छरा दूर गेला, तर तो क्षणात म्हणू शकतो, ‘हे माझे नव्हे.’ आणि चूक स्वतःची असेल, तर ‘हे माझेच’ असे म्हणण्याचीही त्याला लाज वाटत नाही. ज्याचा सराव आज असा आणि उद्या तसा, त्याला मात्र दोष आपला की साधनाचा हे कधीच कळत नाही. त्याच्यापाशी तुलना करण्यासाठी काही स्थिर असे नसतेच.

एकाच शब्दात तीन अर्थ का नांदतात, याचा उलगडा येथे होतो. दृष्टीचा नेम साधावयाचा असेल, तर आधी व्रताचा नेम पाळावा लागतो. आणि व्रताचा नेम पाळला, म्हणजेच ज्याचा ‘काही नेम नाही’ अशा या जगात थोडीशी निश्चिती हाती लागते. गणित चुकले, चित्र बिघडले, शर्यतीत मागे पडलो, तर ‘मला जमतच नाही’ असेही म्हणू नये आणि ‘अंगणच वाकडे’ असेही म्हणू नये. पाच वेळा प्रयत्न करावा, कागदाकडे निर्मळ मनाने पाहावे, आणि एका वेळी एक स्क्रू तपासावा.